पंखा तीनवर

ताई : पाय हलवू नकोस. या सगळ्या खुर्च्या एकाच दांड्याला जोडलेल्या आहेत. तू पाय हलवलास की पलीकडचे आजोबा डुलतात.

धाकटी : सॉरी. सॉरी हं, आजोबा.

ताई : आणि तो फोन ठेव आधी. आत डॉक्टर आईची परीक्षा घेतायत आणि तू इथे अंगठे नाचवत बसलीयेस.

धाकटी : मग काय करू? दाराकडे बघत बसू? त्यासाठी तू आहेस ना. एवढा एकच परिच्छेद बदलते. सकाळी सकाळी रिव्ह्यू आलाय. दोन स्टार. म्हणे तिसरं प्रकरण वाचताना डुलकी लागली.

ताई : लागली असेल. माणसाला झोप येते.

धाकटी : तुला गंमत वाटते. त्या ऑडिओवाल्यांनी स्वच्छ सांगितलंय, चार स्टारच्या वर गेलात की पुस्तक आवाजात करू, तोवर फोन करू नका. आणि मी चाराच्या उंबरठ्यावर येते नि घसरते. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवते आणि एक डोळा माझा फोनवर. परवा एका बाईंना भलत्याचाच चष्मा घालून पाठवलं. जिन्यातून परत आल्या. म्हणाल्या, पायऱ्या वाढल्यात का हो तुमच्या?

ताई : नोकरी जाईल अशाने.

धाकटी : गेली तर गेली.

ताई : गेली तर गेली म्हणे! बरं, ते राहू दे. आई बाहेर यायच्या आत मला तुझ्याशी बोलायचंय. फोन उलटा ठेव. मांडीवर नाही, पर्समध्ये. हां. मी आईचं घर भाड्याने द्यायचं ठरवलंय. माणसं बघून गेली, त्यांना पसंत आहे. आई माझ्याकडे राहील. पोरगा आता हॉस्टेलला असतो, त्याच्या खोलीत तिची कॉट लावू.

धाकटी : आईचं घर? आणि आईला विचारलंस?

ताई : विचारलं. म्हणाली, "तू म्हणशील तसं."

धाकटी : असं आई म्हणाली? आपली आई?

ताई : तेच ना! बाबांना जन्मात एकदा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली नाही ही बाई. शेवटच्या आजारपणात सुद्धा औषधाच्या वेळेवरून हुज्जत घातली त्यांच्याशी. आणि मला म्हणते, तू म्हणशील तसं. तेव्हाच म्हटलं, हे साधं नाही.

धाकटी : मला का नाही बोललीस?

ताई : बोलले. दोनदा बोलले. तू "हं" म्हणालीस. तुझं ते फोनमध्ये डोकं घातलेलं "हं" मला लांबून ओळखू येतं.

धाकटी : बरं, चुकलं. पण आई नेमकं करते काय? तो गॅस चालू राहिला होता, तेवढंच मला माहितीये.

ताई : गॅस माझाही राहतो. ते नाही गं. ती नसलेल्या गोष्टी सांगते. ठासून सांगते. भांडते. आपण समजावलं की आपल्याकडे असं बघते की आपलीच लाज वाटावी.

धाकटी : कसल्या गोष्टी?

ताई : कुत्रं.

धाकटी : कुठलं कुत्रं?

ताई : झालं, तूही तेच विचारलंस. मीही तिला तेच विचारलं. "दाराशी निजलेलं असायचं ते तपकिरी कुत्रं कुठे गेलं?" म्हटलं, आई, कुत्रं नाहीये. कधीच नव्हतं. तर मलाच म्हणते, नीट बघ, पुढेमागे असेल.

धाकटी : कुठल्या दाराशी? तिच्या?

ताई : होतं कुठल्यातरी. सोड ना. मुद्दा तो नाही.

धाकटी : मुद्दा काय मग?

ताई : मुद्दा हा की घराच्या किल्ल्या मी काढून घेतल्यात. स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावून निघते. तुला कल्पना आहे, आईच्या स्वयंपाकघराला कडी लावताना हाताला काय होतं ते? तू महिन्यातून एकदा येतेस, चहा पितेस, फोनवर दोन ओळी लिहितेस आणि जातेस. निस्तरते मी.

धाकटी : आता माझ्यावर घसरू नकोस. येत नाही, कारण येऊन काय करू? तिथे माझं कोणाला काय पडलंय? इतकी वर्षं दुकानातल्या स्टुलावर बसून, जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये उभ्याने, एका अंगठ्याने कादंबरी लिहिली मी. अनोळखी माणसं वाचतात, शिव्या का होईना देतात. घरातल्या एकाने तरी उघडली? आई म्हणाली, "छान, छान." न वाचता! तू म्हणालीस, "लिंक पाठव." पाठवली. पुढे? लग्नाच्या आमंत्रणालासुद्धा माणूस निदान अंगठ्याचं चित्र तरी पाठवतो गं.

ताई : बास.

धाकटी : बास काय? खरं बोलले की बास.

ताई : अगं, वाचतोय!

धाकटी : कोण?

ताई : आम्ही! मी आणि आई. दुपारी शाळेचं ऑफिस सुटलं की मी तडक तिच्याकडेच जाते ना? जेवण झालं की ती पलंगावर पडते आणि मी तुझी ती कादंबरी मोठ्याने वाचते. तिच्या डोळ्यांना स्क्रीन झेपत नाही म्हणून. रोज. अगदी पहिल्या प्रकरणापासून.

धाकटी : रोज?

ताई : तिनेच बजावलं होतं, तिला सांगायचं नाही. "पूर्ण ऐकल्याशिवाय मत देणं बरं नव्हे. अर्धवट ऐकून छान म्हटलं तर तिला खोटं वाटेल." आता सांगून टाकलं. बस रडत. नाही, नको रडूस, लोक बघतायत.

धाकटी : मी रडत नाहीये. आवडतीये तिला?

ताई : आवडत होती गं. सुरुवातीला तर ताट पुसायच्या आधी "चल, लाव" म्हणायची. रेडिओ लावावा तसं. पण मग हा घोळ सुरू झाला. मधेच तिचा डोळा लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी थोडं मागून सुरू करायचं असं आमचं ठरलेलं. मागून सुरू केलं की ही म्हणणार, काल असं नव्हतं. काल दाराशी कुत्रं होतं. म्हटलं, आई, त्या बाईच्या दाराशी काहीही नाही, नुसतं दार आहे.

धाकटी : थांब. कुत्रं पुस्तकातलं?

ताई : मग काय आपल्या घरातलं? आपल्याकडे कधी मांजर फिरकलं नाही.

धाकटी : दुसऱ्या प्रकरणातलं? ती बाई नवऱ्याची वाट बघत असते, तो बोटीवर गेलेला असतो...

ताई : हो, तेच. आणि कुत्रं वगैरे काही नाही, मी तीनदा शोधलं. एवढंच नाही. एके दिवशी म्हणाली, "ही बाई कालपर्यंत मशिनीवर कपडे शिवत होती, आज एकदम फोटो काय काढायला लागली?" म्हटलं, आई, ती पहिल्यापासून फोटोच काढते. ऐकेना. मग फोन तिच्या नाकासमोर धरला, चष्मा लावून दिला. म्हटलं, वाच. दिसतंय ना लिहिलेलं? शिवणाचं नाव तरी आहे का? वाचलं तिने. कितीतरी वेळ वाचत राहिली. मग चष्मा काढून ठेवला नि म्हणाली, "माझंच चुकलं असेल." तू पुन्हा पाय हलवतेयस.

धाकटी : ताई.

ताई : काय? अशी पांढरी काय पडलीस?

धाकटी : कुत्रं होतं.

ताई : म्हणजे?

धाकटी : तपकिरी. दाराशी निजलेलं. होतं. एकाने लिहिलं, हे कुत्रं नुसतं झोपतं, कथेत करत काहीच नाही. मी काढून टाकलं.

ताई : काढून टाकलं म्हणजे कधी? छापायच्या आधी ना?

धाकटी : छापायचं काय त्यात? ते फोनवर असतं. मी इथे बदललं की सगळ्यांच्या फोनमध्ये बदलतं. ज्याने विकत घेतलंय त्याच्याही. पुढच्या वेळी उघडलं की नवीन. आणि ती कपडेच शिवायची. कुणीतरी म्हणालं, शिवणकाम फार जुनाट वाटतं, तिला काहीतरी आजचं काम द्या. मग मी फोटोग्राफर केली. एका दुपारी, दुकानात बसून.

ताई : लोकांनी विकत घेतलेलं पुस्तक तू त्यांना न सांगता बदलतेस?

धाकटी : सुधारते! सगळेच सुधारतात. कुणाला कळतं? लोक एकदा वाचतात नि पुढे जातात. रोज मागून कोण वाचतं?

ताई : आई.

धाकटी : हो.

ताई : आई वाचते. म्हणजे आई बरोबर होती. प्रत्येक वेळी. आणि मी फोन तिच्या तोंडासमोर नाचवत होते, हे बघ, लिहिलेलं आहे म्हणून.

धाकटी : पण ताई, वाचत तर तू होतीस. तुझ्या नाही का लक्षात आलं? कुत्रं होतं, मग नाही?

ताई : मी वाचते, ऐकत नाही. तोंड वाचतं. डोक्यात उद्याच्या हजेऱ्या, साहेबांची कटकट, घरी भाजी काय आहे. कधी कधी पान संपतं आणि मला पत्ता नसतो त्यात कोण होतं ते. ऐकत ती होती. अक्षर न् अक्षर.

धाकटी : देवा.

ताई : अजून ऐक. आता सगळंच ऐक. एका दुपारी वाचत होते आणि ती एकदम उठून बसली. "थांब, थांब. हे आपलं आहे." म्हटलं, काय आपलं? "हा पंखा. पोरीने हे पाहिलं होतं तर!" इतकी खूश झाली. नेहमीसारखं मी "हो, हो" केलं आणि पुढे वाचलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कालचा तो पंखा पुन्हा वाच. मी शोधला. पुढे शोधला, मागे शोधला. नव्हता.

धाकटी : ताई, नको.

ताई : मी तिला काय सांगितलं माहितीये? "आई, तो पुस्तकातला नाही, तो बाबांचा पंखा. तुझ्या डोक्यात सगळं एकात एक मिसळायला लागलंय." हे शब्द. माझे. ती उठली, वरचा पंखा बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर तिने पुस्तकाचं एकदाही नाव काढलं नाही. मी वाचते, ती "हं" म्हणते. तुझ्यासारखं. आणि मी डॉक्टरांचा नंबर लावला.

धाकटी : तो पंखा मी काढला. "इथे काहीच घडत नाही, कंटाळा." एवढंच लिहिलं होतं त्या माणसाने. नाव पण नव्हतं, नुसता चेंडूचा फोटो. मी एका चेंडूचं ऐकून... थांब, फोन दे. पर्स दे. आत्ता परत घालते. सगळं. कुत्रं, मशीन, पंखा...

ताई : खबरदार! पुन्हा बदलणार? उद्या आणखी कुठल्यातरी म्हातारीला कुत्रं दिसायला लागायचं!

धाकटी : मग काय करू? सांग ना! तसंच ठेवू? मला तर ते आता आठवतही नाहीये नीट. जुनं मी ठेवतच नाही. समोर असलं की पुन्हा पुन्हा तिकडे मन जातं, म्हणून लगेच पुसून टाकते. पंख्याचा तुकडा कुठेच नाहीये, ताई. कुठेच.

ताई : हळू बोल. दार वाजलं.

(आतलं दार उघडतं. आई बाहेर येते. एका हातात चष्मा, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली.)

आई : झालं बाई एकदाचं. आता डॉक्टर कागद करतायत, मग तुम्हाला बोलावतील. हिला काय झालं? नाक का लाल?

ताई : काही नाही. बस इथे. काय काय विचारलं?

आई : पोरखेळ. घड्याळ काढून दाखवा. काढलं. आज वार कोणता? सांगितला. मग पाच शब्द सांगितले आणि म्हणाले हे लक्षात ठेवा, मी थोड्या वेळाने विचारीन. मधे इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, फसवायला. मग विचारले.

धाकटी : आले?

आई : तीन सांगितले.

ताई : आणि दोन नाही आठवले?

आई : आठवले की. अगदी ओठावर होते. पण म्हटलं, असतीलच कशावरून? हल्ली मला नसलेलंच आठवतं. उगाच ठासून सांगायचं, आणि तो चांगला माणूस कागद समोर धरून म्हणायचा, बघा आजी, इथे आहे का? म्हटलं, आठवत नाही. सुटले.

ताई : आई...

आई : तू कशाला रडतेस आता? हिचं झालं, तुझं सुरू. घर देतेय ना मी? कटकट केली का काही?

धाकटी : आई, माझं ऐक. कुत्रं होतं.

आई : काय?

धाकटी : तपकिरी कुत्रं. दाराशी. होतं, मी काढून टाकलं. ती बाई कपडे शिवायची, मी तिला फोटो काढायला लावलं. तू ऐकत होतीस आणि मी मागून बदलत होते. मला माहीत नव्हतं तू ऐकतेस. तुझं काही चुकलं नाही. तुझं एकदाही चुकलं नाही.

आई : तू सांगितलंस हिला?

ताई : निघालं तोंडातून. मार हवं तर. पण आई, ही खरं सांगतेय. मी तुला वेड्यात काढत होते आणि तू...

आई : थांबा दोघी. एकेक बोला. कुत्रं होतं?

धाकटी : होतं.

आई : मशीन होती?

धाकटी : पायाची. खिडकीशी.

आई : खिडकीशी, बरोबर. आणि पंखा?

धाकटी : तोही होता. तो आपलाच होता. एकजण म्हणाला, त्यात काही घडत नाही.

आई : लग्न झालं नसेल त्याचं. पंखा दोनाचा तीनवर यायला किती वर्षं लागतात ते त्याला काय माहीत!

ताई : आई, हसतेस काय तू? मी तुझ्या किल्ल्या काढून घेतल्या. कडी लावली.

आई : ते मी विसरलेले नाही. घरी गेल्यावर बघते तुझ्याकडे. गॅस राहिला होता ते खरं, आणि चार वेळा किल्ली शोधते तेही खरं. म्हातारी झालेय, तेवढं असणारच. पण ते वेगळं आणि हे वेगळं. रात्ररात्र मी पडल्या पडल्या घोकत होते गं. नवऱ्याचं नाव, तुमचे वाढदिवस, कुठे काय ठेवलंय. म्हटलं, हे तरी माझं आहे की यातलंही काही नव्हतंच?

धाकटी : मी परत लिहिते ते. पण मला आठवत नाहीये, आई. पंख्याचं. मी पुसून टाकलं. प्रयत्न करते, पण तसंच येईल असं नाही.

आई : मी सांगते. काढ तो फोन.

धाकटी : तुला आठवतंय?

आई : एकदाच ऐकलं, पण कान देऊन ऐकलं. घे लिहून. "तो घरी असला की पंखा एकतर पाचवर असायचा, नाहीतर दोनवर. जो नंतर झोपेल त्याचा आकडा." लिहिलंस?

धाकटी : हो.

आई : "तो गेल्यावर तिने दोनवर ठेवून पाहिला, तिला हवा तसा. खोली फार शांत वाटली. मग पाचवर ठेवला. पांघरूण उडायला लागलं. शेवटी तीनवर आणला आणि वर बघून म्हणाली..."

धाकटी : "झालं समाधान?"

आई : "झालं समाधान?" बघ, आठवलं की तुला! हे मी तुझ्या बाबांना म्हणायचे. ते गेल्यावर. तू कधी ऐकलंस?

धाकटी : दारात उभी होते. आत यायचा धीर झाला नाही.

आई : यायचं होतंस.

ताई : आई, त्या भाडेकरूंना मी आजच फोन करते.

आई : आज नको. आत्ता कर. आणि किल्ल्या? तुझ्याच पर्समध्ये असतील, काढ. हां. आण इकडे.

धाकटी : हे वर टाकलं तर दोन स्टारवाले पुन्हा ओरडतील. ऑडिओवाल्यांना तर आता विसरायलाच हवं.

आई : ओरडू देत. मला सांग, आता यात पुन्हा काही हलणार आहे का? तसं असेल तर मी ऐकणार नाही.

धाकटी : नाही हलणार. आधी कुत्रं आणि मशीन जागेवर आणते, काय बदललं ते पहिल्या पानावर लिहिते, म्हणजे कुणी आपल्याच डोक्याला दोष देणार नाही. मग हात लावणार नाही.

आई : बघू. तुझे पाय अजून हलतायत.

ताई : आई, डॉक्टर बोलावतायत. आम्हाला. चल गं तू. आई, तू बस इथे, आम्ही येतो बोलून.

आई : तुम्ही बसा. या आजोबांना जरा स्थिर बसू द्या. आत मीच जाते.

ताई : अगं, पण त्यांनी आम्हाला बोलावलंय. तुला कशाला?

आई : आरसा आणि गाजर. राहिलेले दोन सांगून येते.